गावातलं युवा केंद्र आणि फाउंडेशनची मदत : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार येणारे प्रश्न

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागातली युवक मंडळं, महिला मंडळं, तालमी, शाळांच्या एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख) कमिट्या एखाद्या धर्मादाय फाउंडेशनकडे मदत मागायला निघाल्या की जे प्रश्न विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरांत एक बाजू घेतली आहे, ती आधीच सांगून टाकतो : फाउंडेशनकडे मागायचंच असेल तर पहिल्यांदा माणूस मागा, भिंती नंतर बघू.

फाउंडेशन म्हणजे नेमकं काय? सरकारी योजना की कंपनी?

दोन्ही नाही. ‘फाउंडेशन’ हे नाव कुणीही लावू शकतं, त्यामुळे पाटीपेक्षा नोंदणी बघायची. ती साधारण तीनपैकी एक असते : विश्वस्तपत्र करून उपनिबंधक कार्यालयात नोंदवलेला सार्वजनिक ट्रस्ट, कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खालची संस्था, किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. पैसा येतो तो एखाद्या घराण्याने बाजूला काढलेल्या ठेवीतून, लोकांच्या देणग्यांतून, किंवा मोठ्या कंपन्यांच्या सीएसआर निधीतून, म्हणजे त्यांनी समाजकार्यावर खर्चायच्या पैशातून.

हे विचारून घ्यायचं कारण असं की, ज्या वाटेने पैसा येतो त्या वाटेच्या अटी तुमच्यापर्यंत पोचतात. घराण्याच्या ठेवीतला पैसा थोडा सबुरीने चालतो. सीएसआरच्या पैशाला मार्चअखेरची घाई असते.

मग मधे फाउंडेशन कशाला? कंपनीकडेच थेट जाऊ की.

जाता येतं, पण हाती काही लागणं अवघड. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांवर गेला आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. सरासरी नफा १० कोटी असेल तर हे २० लाख होतात. कंपनीने हे पैसे बाहेरच्या संस्थेमार्फत खर्चायचे ठरवले तर त्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसूट) नोंदणी, सीएसआरचं काम घेण्यासाठीचा सीएसआर-१ क्रमांक आणि निदान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव लागतो. गल्लीतल्या मंडळाकडे यातलं काही नसतं. फाउंडेशनकडे असतं, म्हणून ते मधे येतं.

आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले बहुतेक फाउंड्रीवाले, मशीन शॉपवाले या मर्यादेच्या खूप खाली आहेत. कायदा त्यांना बांधत नाही. तरी त्यांना वगळू नका. महिन्यातून एका रविवारी मुलांना शॉपमध्ये उभं करून लेथ कसं चालतं, मोल्डिंगच्या वाळूत ओल किती लागते हे दाखवणारा मालक एखाद्या धनादेशापेक्षा जास्त देऊन जातो. अप्रेंटिस कायदा १९६१ खाली मुलांना रीतसर शिकाऊ म्हणून घेता येतं आणि विद्यावेतन द्यावंच लागतं, हे बऱ्याच छोट्या मालकांना फाउंडेशनच्या माणसाने बसून समजावून सांगितलं की पटतं.

फाउंडेशन नुसते पैसे देतं का? आणि कशासाठी देतं?

या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण सगळा घोटाळा इथंच होतो. मंडळाची बैठक बसली की पहिली मागणी हॉलची निघते. मग पत्रे, फरशी, व्यासपीठ, दारावर देणगीदाराच्या नावाची पाटी. फाउंडेशनलाही हे सोपं जातं : बांधून झालं, फोटो काढला, अहवालात लावला. दोन-तीन वर्षांनी त्या हॉलमध्ये खुर्च्या आणि गणपतीचा मांडव ठेवलेला असतो.

गावात समाजमंदिर असतंच. शाळेची खोली संध्याकाळी रिकामीच असते. नसतो तो माणूस. सव्वासहाला कुलूप उघडणारा, पावसात लाईट गेली तरी मोबाईलच्या उजेडात हजेरी घेणारा, आणि सलग चार दिवस न आलेल्या पोराच्या घरी जाऊन ‘काय ओ काकू, आजारी हाय काय?’ असं विचारणारा. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस कोसळायला लागला आणि भाताची लावणी आली की वर्ग निम्मे होतात. नववीतला मुलगा शेतात आहे की त्याने शाळाच सोडलीय, यातला फरक बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला कळत नाही. गावातल्याच, पदवी झालेल्या ताईला तो तिसऱ्या दिवशी कळतो.

त्या ताईचं मानधन हा युवा कार्यक्रमाचा कणा आहे. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, पूर्ण, खात्यावर. ‘सेवाभावी काम आहे, थोडं समजून घ्या’ असं सांगून जिथं मानधन निम्मं केलं जातं, तिथली ताई वर्षभरात लग्न होऊन किंवा नोकरी लागून निघून जाते आणि मुलांची सगळी माहिती तिच्याबरोबर जाते. म्हणून प्रस्तावात पहिली ओळ मानधनाची लिहा, दुसरी तिच्या प्रशिक्षणाची, तिसरी मुलांच्या येण्याजाण्याची. पुस्तकं, संगणक, खेळाचं साहित्य त्याच्या खाली.

पैशाशिवाय चांगलं फाउंडेशन आणखी तीन गोष्टी देतं : कार्यकर्त्यांना प्रशिक्षण, हिशेब ठेवायला मदत, आणि ओळखी. आयटीआयच्या प्राचार्यांशी, बँकेच्या व्यवस्थापकाशी, कारखान्याच्या एचआरशी एक फोन. गावातल्या पोराला हा फोन उपलब्ध नसतो. शहरातल्या पोराला तो वडिलांच्या मित्रांतून फुकट मिळतो.

आमच्या मंडळाची नोंदणी नाही. मदत मिळेल का?

मिळते, पण तुमच्या खात्यावर नाही. फाउंडेशन तो कार्यक्रम स्वतःचा म्हणून चालवतं, ताईचं मानधन थेट तिला देतं, दुकानदाराचं बिल थेट भागवतं आणि मंडळ जागा व माणसं जमवतं. पहिल्या वर्षाला ही पद्धत उत्तम. भांडणं कमी होतात.

पुढे नोंदणी करायचीच असेल तर सात सज्ञान सभासद, नियमावली आणि जिल्हा नोंदणी कार्यालय हा रस्ता. एक सावधगिरी : चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरचे पाहुणे ‘धर्मादाय आयुक्तांकडे जा’ म्हणून सांगतात. तो महाराष्ट्राचा कायदा आहे, इथं लागू होत नाही. तिकडचे छापील फॉर्म आणून भरलेले लोक आहेत. नोंदणीनंतर दरवर्षी वार्षिक सभा, हिशेब आणि सभासदांची यादी दाखल करावी लागते. ते जमणार नसेल तर नोंदणीची घाई करू नका.

फाउंडेशन म्हणतंय, कन्नडचा वर्ग ठेवा. आम्ही मराठीसाठी केंद्र काढतोय. काय करायचं?

ठेवा. मनापासून ठेवा.

मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलाला दहावीनंतर जो धक्का बसतो तो बुद्धीचा नसतो. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, वर्गातलं बोलणं कन्नडमध्ये, तालुका कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. राज्य सरकारच्या बऱ्याच पदांच्या भरतीत सक्तीची कन्नड परीक्षा असते : १५० पैकी किमान ५० गुण मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांत कितीही गुण असोत, उपयोग नाही. पन्नास गुण म्हणजे काही डोंगर नाही. रोज अर्धा तास, दोन वर्षं, एवढ्यात होतं. पण ते घरी होत नाही, कारण घरात कुणाला येत नाही.

मराठीचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो फाउंडेशनसमोर तितक्याच ठामपणे मांडायला हवा. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी इथं गावकरी वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात. जत्रेसारखी गर्दी होते, ग्रंथदिंडीत बायका कलश घेऊन चालतात. एवढी भूक असलेल्या भागात युवा केंद्राला मराठी वाचनालय नसावं हे बरोबर नाही. कपाटभर पुस्तकं, रोजचं एक मराठी आणि एक कन्नड वर्तमानपत्र, आणि महिन्यातून एकदा मुलांनी स्वतः लिहिलेलं वाचून दाखवणं. खर्च नगण्य. मागितलंत तर कुठलंही शहाणं फाउंडेशन नाही म्हणणार नाही.

गावातली पोरं सगळी भरतीच्या मागे आहेत. फाउंडेशन त्यासाठी मदत करतं का?

करतं, आणि इथं त्याची गरज वेगळ्या जागी आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. पहाटे खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर पोरं धावताना दिसतात ती त्याच ओढीने. धावण्यात ती कमी पडत नाहीत. पण २०२३ पासून अग्निवीर भरतीत ऑनलाइन लेखी परीक्षा आधी होते आणि मैदान नंतर. १.६ किलोमीटर झपाट्याने मारणारा पोरगा मैदानापर्यंत पोचतच नाही, कारण माऊस हातात धरून वेळ लावलेली परीक्षा त्याने आयुष्यात दिलेली नसते. म्हणून बुटांचे जोड मागण्याआधी दोन जुने संगणक, सराव परीक्षा आणि गणिताचा शिक्षक मागा.

आणखी एक गोष्ट घरच्यांना बसवून सांगायला हवी : अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची असते आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम केलं जातं. बाकीचे तरुण वयात पुन्हा गावात येणार. त्यांच्याकडे तोवर पदवी किंवा आयटीआयचा दाखला असेल असं बघणं हेही युवा कार्यक्रमाचंच काम. भरती अकादमीवाले हे सांगत नाहीत.

शिष्यवृत्त्या सरकार देतंच. मग फाउंडेशनने वेगळी शिष्यवृत्ती का द्यावी?

बहुतेक वेळा देऊच नये. सरकारी पैसा पडून राहतो आणि फाउंडेशनचा संपून जातो, असं चित्र बघून वाईट वाटतं.

निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० पासून २५,००० रुपयांपर्यंत. पदवी किंवा डिप्लोमा झाल्यावर काम न मिळालेल्यांसाठी कर्नाटकाची युवानिधी योजना आहे : पदवीधराला महिना ३,०००, डिप्लोमावाल्याला १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेशाची वेगळी सोय आहे. त्याला ठराविक नमुन्यातली प्रमाणपत्रं वेळेत काढावी लागतात आणि बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करून ती हातात पडत नाहीत.

अडतं कुठं? नावात. शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाने लिहिलेलं नाव, आधारवर ग्रामवन या सरकारी सेवा केंद्रातल्या मुलाने कन्नडवरून इंग्रजीत टाकलेलं नाव, बँकेच्या पासबुकावर तिसरंच. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. पोर्टल अर्ज परत पाठवतं आणि का परत आला ते मुलाला वाचता येत नाही. नाडकचेरीतून (तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून) जात-उत्पन्नाचा दाखला काढणं, आधार बँकेला जोडणं, नाव दुरुस्त करून घेणं ही कामं करणारी एक व्यक्ती फाउंडेशनने पाच-सहा गावांसाठी मिळून नेमली, तर ती तिच्या मानधनाच्या कितीतरी पट सरकारी पैसा गावात आणते. आठवीतच सगळ्या मुलांची कागदपत्रं तपासून ठेवा. दहावीची वाट बघू नका.

फाउंडेशनची स्वतःची शिष्यवृत्ती उरते ती ज्यांना कुठल्याच योजनेत बसवता येत नाही त्यांच्यासाठी : आई-वडील दोघेही नसलेली मुलं, मधेच शाळा सुटून पुन्हा बसणारी मुलं, वसतिगृहाचा पहिला हप्ता भरायला घरात पैसा नसलेली मुलगी.

मुली येतच नाहीत. काय करावं?

शेवटची बस कितीला, हे आधी बघा. संध्याकाळी साडेसहाचा वर्ग आणि पावणेसातची शेवटची बस असेल तर तुम्हीच मुलींना दार बंद केलंय. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या मुली-बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही, म्हणजे प्रवासाचा पैसा ही अडचण राहिलेली नाही, वेळ ही आहे. कॉलेज सुटल्यापासून बस येईपर्यंतचा जो तास मुली स्टँडवर काढतात, तो तास केंद्राचा करा. जागा स्टँडजवळ घ्या. स्वच्छ, आतून कडी लागणारं शौचालय असलंच पाहिजे. फाउंडेशनला बांधकामावर पैसे घालायचेच असतील तर ते इथं घालावेत.

शिकवणारी किंवा सांभाळणारी बाई असावी आणि महिन्यातून एकदा आयांना बोलवावं. आई येऊन बसून गेली की मुलीचं येणं थांबत नाही.

अठरा वर्षांखालची मुलं आहेत. कुठली काळजी घ्यायची?

पालकांची लेखी संमती घ्या. प्रत्येक कार्यकर्त्याची पोलीस पडताळणी करून घ्या, गावातला, ओळखीचा, कमिटी अध्यक्षाचा भाचा असला तरी. एका मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत एकट्याने शिकवायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ मध्ये अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, संरक्षण आहे आणि गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. ‘गावात मिटवू’ हा मार्ग कायद्याने बंद केलेला आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लावा. मुलांचे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकण्याआधी पालकांना विचारा. देणगीदाराला फोटो हवा असतो हे खरं, पण त्यासाठी ‘गरीब मुलगी’ अशी ओळ लिहून एखाद्या पोरीचा चेहरा गावभर फिरवणं अतिशय चुकीचं आहे.

पैसे एकदम मिळतात की हप्त्याने? हिशेब कसा द्यायचा?

हप्त्याने. करारावर सह्या झाल्या की पहिला हप्ता, मग सहा महिन्यांचा अहवाल आणि खर्चाचा तपशील दिल्यावर दुसरा. वर्षाअखेरीला चार्टर्ड अकाउंटंटच्या (सीए) सहीचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला. वेगळं बँक खातं, दोन सह्या, प्रत्येक खर्चाला व्हाउचर. ज्या कामासाठी पैसे आले त्याच कामावर खर्च करायचे. जत्रेत कमी पडले म्हणून चार दिवसांसाठी उचलले, असं चालत नाही.

बोलणी करताना एक मुद्दा रेटून धरा : दुसरा हप्ता उशिरा आला तरी मानधन थांबता कामा नये. दोन महिन्यांचं मानधन राखीव ठेवायची परवानगी करारातच लिहून घ्या.

गल्फमधला भाऊ आणि लंडनमधला मामा मंडळाला थेट पैसे पाठवू शकतात का?

भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. मामांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी, आणि ती घ्यायला एफसीआरए २०१० (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. रक्त आपलं असलं तरी कायदा पासपोर्ट बघतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे ‘मोठ्या फाउंडेशनमार्फत वळवून घेऊ’ हाही रस्ता नाही.

देणगीदाराला करात सूट मिळते का?

८०जी असलेल्या संस्थेला दिली आणि देणगीदार जुन्या करप्रणालीत असेल तर साधारण निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही मर्यादेत. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तिच्यावर सूट नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीवर काय छापायचं ते सीएला विचारा.

सीमाप्रश्नाबद्दल आमची जी भूमिका आहे, तिच्यामुळे मदत अडेल का?

माणसाची भूमिका त्याची असते आणि ती लपवायला कुणी सांगत नाही. केंद्र मात्र कुठल्या पक्षाचं किंवा समितीचं कार्यालय होता कामा नये. निवडणुकीत तिथून पत्रकं वाटली गेली तर फाउंडेशनची करसवलतीची नोंदणी अडचणीत येते आणि सगळ्यात आधी मुलांचा वर्ग बंद पडतो. बंद, मोर्चे, दगडफेक, पुतळ्यांवरून तणाव हे सगळं या भागाने पाहिलंय. अशा दिवसांत उनाड उत्साहात सापडलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरावर केस लागते, आणि पुढे नोकरीच्या, पासपोर्टच्या पडताळणीत ती आडवी येते. त्या दिवशी पोरांना फोन करून घरी बसवणारी ताई गावावर मोठे उपकार करत असते. कन्नड, मराठी, उर्दू घरातली मुलं एकाच केंद्रात येत असतील तर हे आणखी सोपं होतं.

किती वर्षं मदत मिळते? त्यानंतर काय?

बहुतेक करार एक ते तीन वर्षांचे असतात. युवा कार्यक्रमाला हे कमी आहे. आठवीत आलेला मुलगा कमवायला लागेपर्यंत सात-आठ वर्षं जातात. म्हणून मुदतवाढीचं बोलणं शेवटच्या महिन्यात नको, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला करा. त्याच वर्षी गावाचा वाटा सुरू करा : पंच कमिटीकडून खोली आणि लाईटबिल, दूध सोसायटी किंवा पतसंस्थेकडून वर्तमानपत्रं, नोकरीला लागलेल्या जुन्या मुलांकडून महिन्याला शंभर रुपये. फाउंडेशन गेल्यावर मानधनाचा निम्मा भाग तरी गावातून उभा राहील एवढी तयारी हवी, आणि प्रत्येक मुलाची वही, कागदपत्रांच्या प्रती, संपर्क हे सगळं केंद्रातच राहायला हवं. करारात तसं कलम घालून घ्या. संगणक, कपाटं, पुस्तकं मुदत संपल्यावर कुणाची, हेही त्याच कागदावर लिहून घ्या, कारण तोंडी ठरलेलं पुढच्या कमिटीला मान्य नसतं.